‘ईव्ह टीझिंग’ : एका जोडशब्दाची झडती

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा-कॉलेजं नुकतीच सुरू झालेली असतील. एसटीच्या थांब्यांवर पुन्हा मुलींचे घोळके दिसू लागतील, आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या केंद्रावर त्या एका प्रकारच्या तक्रारीही येऊ लागतील. म्हणूनच या अंकाच्या संपादकीयाला मी तो विषय घेतला आहे. पण सुरुवात मात्र दुसऱ्यांपासून नाही, स्वतःपासूनच करायला हवी.

गेल्या महिन्यात केंद्राचं जुनं कपाट आवरायला काढलं. पावसाळ्याआधी वाळवी झटकावी एवढाच हेतू. त्यात आमच्या तक्रार-नोंदीच्या जुन्या वह्या निघाल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, लांबट. बरीचशी अक्षरं माझीच. चाळता चाळता एका गोष्टीवर नजर अडखळली. नवऱ्याची मारहाण, हुंडा, पोटगी, दुसरं लग्न अशा नोंदी पानपानभर होत्या. कोण, कुठे, कधी, कशाने मारलं, साक्षीला कोण, सगळं तपशिलाने. पण मधूनच एका ओळीच्या नोंदी : ‘छे. छा. – समज दिली.’ ‘छे. छा. – पालकांशी बोललो, मिटलं.’ ‘छे. छा. – मुलगी परत आली नाही.’

छे. छा. म्हणजे छेडछाड. आम्ही त्या शब्दाचा संक्षेपसुद्धा करून टाकला होता! पूर्ण लिहिण्याइतकाही तो आम्हाला मोठा वाटला नव्हता. त्या मुलींच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं, हे आज त्या वहीवरून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, आणि मीच ते लिहिलं आहे.

त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. तो कुठून आला, कोणत्या वाक्यात बसतो, तिथे बसून काय काम करतो, याची झडती घ्यायची असं ठरवलं. तीच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

‘छेडछाड’ हा शब्द जुना आहे. पण सार्वजनिक जागी बाईला दिल्या जाणाऱ्या त्रासाचं ठरलेलं नाव म्हणून तो पक्का झाला तो एका इंग्रजी जोडशब्दाचा सोबती म्हणून. तो जोडशब्द म्हणजे ‘ईव्ह टीझिंग’. गंमत अशी की हा इंग्रजी शब्द इंग्रजांचा नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या बाईला तो सांगितला तर तिला अर्थबोध होणार नाही. तो आपल्या उपखंडातल्या इंग्रजीत घडला, साठच्या दशकापासून आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत रुळला आणि तिथून पोलिसांच्या, कॉलेजच्या प्राचार्यांच्या, पुढाऱ्यांच्या तोंडी बसला. शहरात शिकायला आणि नोकरीला मुली मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या, त्याच काळात हे नाव चलनात आलं, हाही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता या जोडीतला एकेक शब्द सुटा करून पाहू. पहिला, ईव्ह. म्हणजे बायबलमधली हव्वा. फळ तिने खाल्लं, आदमला तिनेच खायला लावलं आणि मग दोघांना बागेतून हाकललं, अशी ती कथा लोकांच्या मनात बसली आहे. मोहात पाडणारी ती. म्हणजे थांब्यावर पुस्तकं छातीशी धरून उभी असलेली मुलगी या शब्दात शिरते तीच मुळी गुन्ह्याची अर्धी भागीदार होऊन! दुसरा शब्द, टीझिंग. म्हणजे थट्टा, चिडवणं, खोडी काढणं. दीर वहिनीची करतो ती, मैत्रिणी नव्या नवरीची करतात ती. तिच्यात राग धरायचा नसतो; जो धरतो तोच हलक्या काळजाचा ठरतो. एका शब्दाने बाईला दोषी केलं, दुसऱ्याने दोषच किरकोळ केला. आणि या सगळ्या जोडीत आदम कुठे आहे? तो नाहीच. करणारा शब्दाबाहेर राहून शीळ घालतो आहे.

आपलं मराठीही काही मागे राहिलेलं नाही. ‘छेडणे’ म्हटलं की आपल्याला सतारीची तार आठवते. ‘सडकसख्याहरी’ आणि ‘रोडरोमिओ’ ही आपल्या वर्तमानपत्रांची लाडकी नावं. एकात सखा आहे, हरी आहे. दुसऱ्यात जगातला सगळ्यांत गाजलेला प्रियकर. मुलीच्या मागे सहा महिने फिरून तिची झोप उडवणाऱ्या माणसाला आपण देवाचं आणि प्रियकराचं नाव देतो, आणि वर म्हणतो की आम्ही त्याच्यावर टीका केली.

शब्दापेक्षाही तो ज्या वाक्यांत येतो ती वाक्यं जास्त बोलतात. ‘छेडछाडीच्या प्रकारांत वाढ.’ कोण छेडतं? प्रकार वाढले, पावसाळ्यात डास वाढतात तसे. ‘छेडछाडीला कंटाळून विद्यार्थिनीची आत्महत्या.’ या ‘कंटाळून’ शब्दापाशी जरा थांबा. कंटाळा कशाचा येतो? रोज तीच भाजी खाण्याचा. माणसं कंटाळून मरत नाहीत, भीतीने आणि कोंडी झाल्याने मरतात. पण आधी ‘छेडछाड’ लिहिलं की पुढे ‘दहशत’ शब्द बसत नाही, म्हणून ‘कंटाळा’ येतो. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ हीदेखील तशीच जोडी. ज्यात एक बाजू सतत नाही म्हणते आहे त्याला प्रेम म्हणायचं, आणि तिच्यावर कोयता उगारला गेला की प्रेमाचं पुढचं पाऊल म्हणून त्याची बातमी द्यायची.

आणखी एक पाहा. हा शब्द कोणासाठी वापरला जातो? कॉलेजच्या फाटकापाशी उभी असलेली, बरे कपडे घातलेली मुलगी डोळ्यांपुढे येते. ऊसतोडीच्या फडावर मुकादम जे बोलतो-करतो त्याला कुणी ईव्ह टीझिंग म्हणत नाही. त्याला कुणी काहीच म्हणत नाही, किंवा मग उलट त्या बाईचीच ‘भानगड’ म्हणतात. दलित वस्तीतल्या मुलीला वरच्या आळीची पोरं वाटेत अडवतात तेव्हा त्यात फक्त पोरगेपणा नसतो, जातीची मिजास असते. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण ठाण्यात ‘छेडछाड’ लिहिलं गेलं की जात त्या शब्दाखाली झाकली जाते, आणि त्याबरोबर तो कायदाही.

हे सगळं केवळ भाषेचं कीस काढणं आहे, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. म्हणून या हलक्या शब्दाने कायद्याच्या दारात काय केलं ते थोडं आठवून पाहू.

१८६० च्या भारतीय दंडविधानात ‘ईव्ह टीझिंग’ हा शब्द कधीच नव्हता. तिथे होती ती कलम ३५४ आणि ५०९, म्हणजे आपल्या मराठीत ‘विनयभंग’. त्या शब्दाबद्दलही बोलायला हवं. ‘तिचा विनयभंग झाला’ हे वाक्य ‘तिच्या हातून भांडं फुटलं’ असं ऐकू येतं. विनय तिचा, भंग तिचा, उरलेली लाजही तिचीच. म्हणजे आपल्यापुढे दोनच शब्द होते. एक इतका हलका की सांगितलं तर लोक हसतील, दुसरा इतका जड की सांगितलं तर घरची माणसं माना खाली घालतील. दोन्हींच्या मध्ये मुलीला उभं राहायला जागाच नव्हती.

१९८८ च्या जुलैमध्ये चंदीगडला एका मेजवानीत भारतीय प्रशासकीय सेवेतल्या रूपन देओल बजाज यांच्याशी पंजाबचे तेव्हाचे पोलिस प्रमुख के. पी. एस. गिल यांनी अंगाला हात लावून गैरवर्तन केलं. त्यांनी तक्रार दिली. उच्च न्यायालयाने १९८९ साली ती रद्द केली, आणि त्यासाठी जी कारणं दिली त्यांत दंडविधानाच्या ९५ व्या कलमाचाही आधार होता. ते कलम सांगतं की झालेली इजा इतकी क्षुल्लक असेल की शहाणा माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नव्हे. क्षुल्लक! ‘टीझिंग’ याचंच हे कायदेशीर भाषांतर नाही का? बजाज मागे हटल्या नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गोष्ट क्षुल्लक म्हणून झटकता येणार नाही. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोषित्व कायम ठेवलं. बाई सनदी अधिकारी, तरी एवढी सतरा वर्षं. थांब्यावरच्या मुलीचं काय होत असेल?

१९९८ च्या जुलैमध्ये चेन्नईत तरुणांच्या टोळक्याच्या दांडगाईत एक कॉलेजकन्यका जबर जखमी होऊन मरण पावली. शहर हादरलं, आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा केला. त्याच्या नावातच ‘ईव्ह टीझिंग’ होतं. मुलगी मेली, आणि तिच्या नावाने झालेल्या कायद्याच्या माथ्यावर शब्द होता ‘थट्टा’. पुढे त्या कायद्याचं नाव बदलून त्यात ‘स्त्रियांचा छळ’ हे शब्द घातले गेले. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींना त्रास देणाऱ्यांना अडवलं म्हणून दोन तरुणांना भोसकण्यात आलं. दोघेही गेले. २०१६ साली चौघांना जन्मठेप झाली. आणि बातम्यांत या सगळ्याचं मूळ काय म्हणून लिहिलं जात होतं? ईव्ह टीझिंग.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याच शब्दाचा विचार केला. प्रकरण तमिळनाडूतलं, १९९९ सालचं, तेनकाशीच्या बसस्थानकावरचं. आणि तक्रार होती ती चक्क एका पोलिस कर्मचाऱ्याविरुद्ध! हा शब्द म्हणजे गुन्ह्याला दिलेलं सौम्य नाव आहे, हे न्यायालयाने ओळखलं. बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, चित्रपटगृहं, बागा अशा ठिकाणी साध्या वेषातल्या महिला पोलिस नेमा, बसमध्ये असा प्रकार घडून तक्रार आली तर चालक-वाहकाने बस सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात न्यावी, तीन महिन्यांत मदतीचे दूरध्वनी क्रमांक सुरू करा, असे आदेश दिले. आदेश चांगलेच होते. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ डिसेंबरला, दिल्लीत एका धावत्या बसमध्ये काय घडलं ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या उद्रेकानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला, कायदा बदलला आणि लैंगिक छळ, पाठलाग, चोरून पाहणं, कपडे उतरवण्याची जबरदस्ती यांना दंडविधानात पहिल्यांदा आपापली स्वतंत्र नावं मिळाली. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ती आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. निकालपत्रात कोणते शब्द टाळावेत आणि त्यांच्या जागी कोणते वापरावेत याची यादीच तिच्यात आहे. ‘ईव्ह टीझिंग’ त्या यादीत आहे. त्याऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा, असं ती सांगते. आपल्या शेजारी बांगलादेशात तर उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीतच हा शब्द वापरू नका, तो गुन्ह्याचं गांभीर्य घालवतो, असं बजावलं होतं.

याच्या उलट एक दुसरा इंग्रजी जोडशब्द पाहा. ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’. १९७५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात नोकरदार बायका एकत्र बसल्या. लिन फार्ले ही त्यांच्यातली एक. साहेबाचे हात चुकवत चुकवत अखेर नोकरी सोडून गेलेल्या बायकांच्या कहाण्या त्या ऐकत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, हे माझ्या एकटीच्याच नशिबी आलं. नाव नव्हतं ना! त्या बैठकांतून हा जोडशब्द पुढे आला. बायकांनी बायकांच्या अनुभवातून घडवलेला. म्हणून तो बंद दारं उघडत गेला. राजस्थानात १९९२ साली बालविवाह थांबवणाऱ्या साथिन भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून संघटना न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात कामाच्या जागेवरचा ‘लैंगिक छळ’ म्हणजे काय याची व्याख्याच लिहिली गेली. एक जोडशब्द आपल्याला गप्प बसवायला आला, दुसरा आपण बोलण्यासाठी केला. तेव्हा शब्दाने काय होतं, असं कृपा करून म्हणू नका.

इथपर्यंत मी लिहिलं आणि आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्याजणी मान डोलावत होत्या. मग आमची खेड्यांत काम करणारी एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “ते सगळं खरं. पण तुम्ही हा शब्द काढून टाकलात तर माझ्या पोरी बोलणार कशा?”

मी गप्प झाले. कारण तिच्या बोलण्यामागे काय होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. बाजारच्या दिवशी एक मावशी आपल्या भाचीला घेऊन केंद्रावर आल्या. मुलगी एकोणीस वर्षांची, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटर. महिनाभर कॉलेजला गेली नव्हती. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. मावशींना ते पटत नव्हतं, म्हणून बाजाराचं निमित्त करून आणली. मी विचारलं, “काय झालं गं?” तर म्हणाली, “तसं काही नाही ताई. पोरं छेडतात जरा.”

पोरं छेडतात जरा! यातला ‘जरा’ विसरू नका.

ती खोटं बोलत नव्हती. ती मोजूनमापून बोलत होती. याहून जास्त बोललं की काय होतं, हे तिने आसपास पाहिलं होतं. पोरगी कॉलेजातून काढतात. मोबाईल काढून घेतात. भाऊ भांडायला जातो आणि त्याच्या अंगावर केस येते. गावात नाव होतं, आणि मग येणारी स्थळंही बिजवराची. ‘छेडतात’ हा शब्द तिच्यापुरता आडोसा होता. वडिलांसमोर, भावासमोर ‘लैंगिक छळ’ हे शब्द उच्चारणं तिला शक्यच नव्हतं; ‘छेडतात’ एवढं तरी सांगता येत होतं. तो तिच्याकडून हिसकावून घेतला असता तर ती मुकी झाली असती. आमच्या कार्यकर्तीचं म्हणणं हेच होतं.

मग त्या दिवशी आम्ही काय केलं? तिला शब्द दुरुस्त करायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “छेडतात म्हणजे काय करतात? एकेक सांग. घाई नाही.” चहा झाला. मावशी जरा बाहेर जाऊन बसल्या. आणि मग एकेक क्रियापद येऊ लागलं. मोटारसायकलवर दोघं थांब्यापासून घरापर्यंत मागे येतात. रोज. श्रावणापासून. एसटीत गर्दीत मागे उभा राहून अंग घासतो. ओढणी ओढली, दोनदा. मोबाईलवर नकळत फोटो काढला आणि तो तिलाच पाठवला. रात्री घाण मजकूर पाठवतो. ‘माझी नाही झालीस तर बघ’ म्हणाला. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाटाच्या वाटेला मोटारसायकल आडवी लावली आणि मनगट धरून ओढलं. ती दप्तर टाकून पळाली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद.

अकरा वाक्यं झाली. मी लिहून घेतली आणि तिला वाचून दाखवली. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, “ताई, हे एवढं सगळं होतं?”

याआधी तिचे वडील एकदा पोलिस चौकीत जाऊन आले होते. तिथे ‘महाविद्यालयीन युवतीची छेडछाड, संबंधितांस समज दिली’ एवढी एन. सी. लिहिली गेली होती. अदखलपात्र. चौकीतल्या त्या हवालदारांना मी दोष देते, पण आमची निळी वही आठवली की जीभ अडखळते. त्यांनी जे लिहिलं तेच मीही वर्षानुवर्षं लिहीत आले होते.

आम्ही त्या अकरा वाक्यांचा कागद घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार आधी म्हणाले, “मॅडम, छेडछाडीचीच केस आहे ना? पोरांना बोलावून दम देतो.” मी म्हटलं, “साहेब, तो शब्द आमच्या कागदावर कुठेच नाही. यातलं एकेक वाक्य वाचा आणि प्रत्येकाला कलम कोणतं ते तुम्हीच सांगा.” वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. मनगट धरून ओढणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७४. लैंगिक हेतूने अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं म्हणजे ७५. नाही म्हटल्यावरही मागे मागे येणं, मोबाईलवर पिच्छा पुरवणं म्हणजे ७८. शब्द, हावभाव यांनी अपमान करणं म्हणजे ७९. ही चारही कलमं दखलपात्र आहेत, म्हणजे एन. सी. वर भागवता येत नाही, गुन्हा नोंदवावाच लागतो. ७४ सारख्या गंभीर कलमाखालची माहिती नोंदवून न घेणाऱ्या पोलिसावरच कलम १९९ खाली कारवाई होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालची असती तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागला असता. गुन्हा दाखल झाला. जबाब महिला पोलिसाने घेतला.

पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. खटला उभा राहायचा आहे. मुलीची आई अजून आमच्यावर नाराज आहे. ‘पोरीचं नाव कागदावर आणलंत’ म्हणते. पण मुलगी परीक्षेला बसली. थांब्यापर्यंत मावशी सोबत असतात. स्थळं बघणं तूर्त थांबलं आहे.

या एका अनुभवातून मला जे समजलं ते असं. बोलणारीच्या तोंडचा शब्द वेगळा आणि लिहिणारीच्या हातचा शब्द वेगळा. मुलगी ‘छेडतात’ म्हणाली तर म्हणू द्यावं. तो तिचा उंबरठा आहे, तिथूनच ती आत येणार आहे. पण आपण तो शब्द वहीत उतरवला की तिला उंबऱ्यावरच ठेवून दार लावल्यासारखं होतं. आणि त्याच्या जागी नुसता ‘लैंगिक छळ’ लिहूनही काम संपत नाही. मोठा शब्दही वापरून वापरून गुळगुळीत होतो. उद्या आपण त्याचाही ‘लैं. छ.’ असा संक्षेप करू! नाव कोणतंही असो, त्याच्याखाली काय घडलं ते क्रियापदांत असलं पाहिजे. आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता असला पाहिजे. ‘ओढणी ओढली गेली’ असं नाही. ओढणी त्याने ओढली.

मला माझं कॉलेज आठवतं. शहर बसमध्ये आम्ही सगळ्याजणी हातात सेफ्टी पिन धरून उभ्या राहायचो. कोणी शिकवलं नव्हतं, एकीचं बघून दुसरी शिकली. संध्याकाळी घरी आई विचारायची, “उशीर का झाला?” मी म्हणायची, “बस चुकली.” मी ती बस मुद्दाम सोडलेली असायची, कारण तिच्यात रोजचा तो माणूस असायचा. तीन वर्षांत मी घरात ‘छेडतात’ एवढाही शब्द उच्चारला नाही. आई आता नाही. तिने एकदा जरी ‘बस रोज कशी चुकते गं?’ असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे. कदाचित तिचीही तरुणपणी अशीच काही तरी चुकली असेल. आमच्यात शब्दच नव्हता.

तर मैत्रिणींनो, या अंकाच्या निमित्ताने आपल्या गटांना काही कामं सुचवते.

एक, आपापल्या केंद्रांच्या नोंदवह्या काढा. जिथे ‘छेडछाड’ एवढीच नोंद आहे तिथे खूण करा. यापुढे त्या रकान्यात क्रियापदं लिहायची : कोणी, काय केलं, कुठे, किती दिवस. मुलीच्याच शब्दांत.

दोन, तिला विचारताना आधी ‘म्हणजे काय करतात?’ विचारा, ‘तू काय घातलं होतंस?’ कधीही नाही. आणि ऐकताना आईबापांना, भावाला थोडा वेळ बाहेर बसवा.

तीन, ठाण्यात जाताना कागद लिहूनच न्या. एन. सी. वर समाधान मानू नका. गुन्हा नोंदवला की प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

चार, आपल्या तालुक्याच्या वार्ताहरांना चहाला बोलवा. ‘सडकसख्याहरी’, ‘रोडरोमिओ’, ‘कंटाळून’, ‘एकतर्फी प्रेम’ या शब्दांवर त्यांच्याशी बोला. भांडायला नको, बातम्यांची कात्रणं समोर ठेवून बोला. बरेचजण सवयीने लिहितात, हेतूने नाही. आपणही तसंच लिहीत होतो.

पाच, आपल्या बोलींत या त्रासाला बायका खाजगीत काय म्हणतात ते गोळा करा. विहिरीवर, फडावर, गिरणीत, लोकलच्या डब्यात काय शब्द आहेत? मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत काय म्हणतात? कुठल्याशा कोपऱ्यात आपला, नेमका, न लाजवणारा आणि न हसवणारा शब्द सापडेलही. सापडला तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.

ती जुनी निळी वही मी टाकलेली नाही. कपाटात पुढेच ठेवली आहे, दार उघडलं की दिसेल अशी. ‘छे. छा. – मुलगी परत आली नाही’ ही ओळ कोणत्या मुलीची होती हे मला आता कधीच कळणार नाही. ती आज चाळिशीत असेल. कदाचित तिची मुलगी या जूनमध्ये कॉलेजला जाणार असेल, कुठल्या तरी थांब्यावर उभी असेल. ती आपल्यापैकी कुणाकडे आली आणि ‘जरा छेडतात’ म्हणाली, तर या वेळी पेन खाली ठेवू नका. पुढे विचारा.

– संपादक मंडळासाठी